मागच्या भिंतीची वाट

मामा, तुझ्यावर चार चांगले शब्द लिही, असं मला सगळे सांगतात. मामी सांगते, कॉलेजच्या अंकासाठी लेख मागणारे सर सांगतात. मी वही घेऊन बसते आणि माझ्या हातून दुसऱ्याच माणसाचं नाव लिहिलं जातं. ते नाव मी खोडते. तो तुझा सुपरवायझर होता, एवढी ओळख इथे पुरे. पण खरं सांगू का, तू गेल्यापासून मी तुझ्यापेक्षा त्याचाच विचार जास्त केला आहे. याची मला लाज वाटते. थोडी वाटते. फार नाही.

तू गेलास त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने अपघाताच्या रिपोर्टमध्ये एक ओळ लिहिली. मामीची सही घ्यायला कागद घरी आला, तेव्हा मी त्याचा फोटो काढून ठेवला. आता फोटो बघावा लागत नाही. "सदर गार्ड कर्तव्याची जागा सोडून, परवानगीशिवाय, वैयक्तिक कारणासाठी कंपाउंडच्या मागील बाजूस गेला असता अपघात घडला."

वैयक्तिक कारण म्हणजे काय, ते गेटवर तोंडी सांगितलं जात होतं. मागे वायरचे तुकडे पडलेले असतात, भंगारासाठी गेला असणार. तुझ्याबद्दल, मामा. एकदा कंपनीचा पेन चुकून तुझ्या खिशातून घरी आला, तर दुसऱ्या दिवशी तो देण्यासाठी तू पंधरा मिनिटं लवकर निघालास आणि मामी तुला दिवसभर हसली. त्या माणसाच्या नावापुढे असं लिहिलं गेलं. मामीने सही केली नाही. आणि मी ठरवलं, की ही ओळ ज्याने लिहिली त्याच्याच हाताने ती खोडली गेली पाहिजे. दुसऱ्या कुणाच्या हाताने नको.

बारावी झाल्यावर मी महाळुंग्याला तुझ्याकडे आले. जिंतूरकडच्या आपल्या गावात आपल्या घरातलं कुणी कॉलेजला गेलेलं नव्हतं. आई घाबरत होती. तू फोनवर म्हणालास, "पाठीव तिला. महाळुंग्याहून एसटी हाय राजगुरुनगरला. म्या बघतो." मग माझा रोजचा क्रम ठरला. चार वाजता कंपनीच्या गेटसमोर उतरायचं, तुझ्या केबिनच्या बाहेरच्या बाकावर बसून वाचायचं, सात वाजता तुझी ड्युटी सुटली की तुझ्या गाडीवर बसून खोलीवर यायचं. आणि रोज बाकावर बसल्याबसल्या तुझा तोच प्रश्न: "मास्तरीणबाई, आज काय शिकिवलं?" तुला समजेल असं सांगता आलं नाही, तर ते मला समजलेलंच नाही, हे मी त्या बाकावर शिकले.

त्या दिवशी मी म्हणाले, "आज रोमन लोकांची सरहद्द."

"कशी असती?"

मी सांगायला लागले. लिमेस असा शब्द आहे. मैलोन् मैल पसरलेली तटबंदी, खंदक, टेहळणीचे बुरूज, त्यावर शिपाई. तुझ्याबरोबर ड्युटीला असायचे ते विलासकाका चहा ओतता ओतता म्हणाले, "म्हणजे आपलं कंपाउंडच की. तुझा मामा रोमन निघाला."

"पण त्या शब्दाचा अर्थ आधी भिंत नव्हता," मी म्हणाले. "आधी लिमेस म्हणजे दोन शेतांच्या मधली आडवी वाट. नंतर सैन्य जायला जंगल तोडून जी वाट काढायचे, तिलाही तेच म्हणायला लागले. मग त्या वाटेच्या कडेने बुरूज आले, कुंपण आलं, कुठे कुठे भिंत आली. वाटेचं नाव सगळ्या सरहद्दीला मिळालं." आणखी एक सांगितलं, की मुळात तो शब्द 'तिरपं' या अर्थाच्या शब्दावरून आला असं काहीजण मानतात, पण सर म्हणाले ते पक्कं नाही.

तू हातातला घास तसाच धरून बसला होतास. "म्हंजे आधी धुरा. धुऱ्यावरची पायवाट. भिंत मागून आली."

"हो."

"मंग वाट होती तर भिंत कामून बांधली?"

"शत्रू येऊ नये म्हणून."

"शत्रू भिंतीला भेत नसतो बाई. भिंतीच्या कडंनं कुणीतरी चालायलंय, त्याला भेतो."

"घ्या," विलासकाका म्हणाले. "आता हे कॉलेजात शिकवायला जाणार."

आपण तिघे हसलो. पण मी ते वहीच्या कडेला लिहून ठेवलं आणि परीक्षेत माझ्या शब्दांत उतरवलं. सरांनी त्या ओळीखाली रेघ मारली होती. वर्गात त्यांनी विचारलं, "हे कुठे वाचलंस?" मी म्हणाले, "असंच, सर." माझा मामा कंपनीच्या गेटवर असतो, हे त्याचं आहे, असं मला चाळीस मुलांसमोर म्हणता आलं नाही. तुला मी सांगितलं की सरांना उत्तर आवडलं, आणि तू त्या दिवशी येताना जिलेबी घेतलीस. पुढचं सांगितलं नाही. ते आज इथे लिहिते. सर हा अंक वाचतील.

आता त्या भिंतीबद्दल. हे मला नीट लिहायला हवं, कारण सगळं तिच्यावर अवलंबून आहे. कंपाउंडच्या भिंतीवर ठरावीक अंतरावर नऊ पॉइंट बसवलेले असतात, शर्टाच्या मोठ्या बटणाएवढे. दर दोन तासांनी गार्डने सगळ्या भिंतीच्या कडेने चालत जायचं आणि बॅटरीसारख्या एका काठीने प्रत्येक पॉइंटला टेकवायचं. सगळे झाले की ऑफिसात कॉम्प्युटरवर तो राउंड हिरवा दिसतो. मागच्या बाजूला मातीचा रस्ता वाहून गेला होता, गवत कमरेला लागत होतं, आणि ड्रेनेजच्या एका चेंबरचं झाकण नव्हतं. सुपरवायझरने गवत काढलं नाही, झाकण बसवलं नाही. त्याने नऊच्या नऊ पॉइंट भिंतीवरून काढून आणून केबिनच्या ड्रॉवरमध्ये ठेवायला लावले. खुर्चीत बसून, ड्रॉवर उघडून, एकामागून एक काठी टेकवायची. राउंड हिरवा.

तूही कित्येक महिने तेच केलंस. ते मी लपवणार नाही. विलासकाका म्हणतात, सगळीकडे असंच चालतं. पण त्या लिमेसच्या गप्पांनंतर पाच-सहा दिवसांनी, रविवारी मी तिथे होते तेव्हा, तू दोन वाजता उठलास, टोपी घातलीस आणि काठी टेबलावर ठेवून निघालास.

"अहो, काठी?" विलासकाका म्हणाले.

"काठीचं काम तुमी करा. म्या चालून येतो."

त्यानंतर रोज. दिवसातून सहा वेळा. माझ्या सुट्टीच्या दिवशी मी डबा घेऊन यायचे तेव्हा बघायचे. आपलं भांडण तिथून सुरू झालं. मी म्हणाले, "मशीन नाही, कॅमेरा नाही, कुणी बघत नाही. कुणासाठी चालतोस?"

"चाललं न्हाई तर वाट मोडती."

"मोडू दे. त्या गवतात काय असेल सांगता येत नाही."

"तूच सांगितलंस ना, आधी वाट म्हणून."

"ते परीक्षेसाठी होतं, मामा."

तू माझ्याकडे बघितलंस. रागाने नाही. "परीक्षेपुरतंच शिकायचं तर एसटीचे धक्के कशाला खातीस?"

मी चिडले. दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही. मग बोलायला लागले, पण त्या विषयावर नाही. ते भांडण तिथेच राहिलं. तू रजिस्टरमध्ये तीनदा लिहिलंस, 'मागे चेंबरला झाकण नाही', तुझ्या त्या पुढे झुकलेल्या अक्षरात. मी ते वाचलं आणि म्हणाले, 'झाकण'चा 'झ' चुकलाय. एवढंच म्हणाले. तू गेल्यावर, रजिस्टर भरलं असं सांगून सुपरवायझरने ते उचललं आणि नवीन आणून ठेवलं.

त्या दिवशी मी चार वाजता उतरले. बाकावर बसले. तू राउंडला गेला होतास. साडेचारला मी विचारलं, "मामा अजून?" विलासकाका म्हणाले, "येईल." पावणेपाचला त्यांचाही चेहरा बदलला. त्यांनी सुपरवायझरला फोन लावला, स्पीकरवर. तो म्हणाला, "राउंड हिरवा दिसतोय. झालाय राउंड. असेल इथंच कुठंतरी, पडला असेल झोपून. गेट सोडायचं नाही."

"मी जाऊन बघते," मी म्हणाले.

"पास नाही ना, बाळा. आत सोडली तर माझी ड्युटी जाईल."

गेटमध्ये जमिनीवर पिवळा पट्टा मारलेला आहे. मी त्याच्या अलीकडे उभी होते. काकांनी मला धरलं नव्हतं. ते म्हातारे आहेत, मी पळाले असते तर त्यांना पकडता आलं नसतं. मी पळाले नाही. मला वाटलं, तुझी नोकरी जाईल. सहा वाजता सुपरवायझर स्वतः आला आणि गेटवर थांबला, तेव्हा विलासकाका एका कामगाराला घेऊन तुला शोधायला गेले. तू त्या चेंबरमध्ये सापडलास. हॉस्पिटलमधले डॉक्टर म्हणाले, "थोडं आधी आणलं असतं तर," आणि मामी दिसल्यावर थांबले. त्यांचं ते अर्धं वाक्य मी पूर्ण करत बसते. सव्वा तास. सव्वा तास मी पट्ट्यापाशी उभी होते आणि तो फोन ठेवून चहा पीत असेल. माझ्या वाट्याचं मी मान्य करते. त्याच्या वाट्याचं मी त्याला सोडणार नव्हते.

तिसऱ्या दिवशी मी भिंतीला बाहेरून वळसा घालून मागे गेले. मागे महाळुंग्यातल्याच एका जुन्या घरची शेती आहे. भिंतीवर झुकलेलं शेवग्याचं झाड. त्याच्याखाली एक काकू गुरांना कडवळ कापत होत्या.

"कोन पायजे गं?"

"काकू, या भिंतीच्या आतून एक गार्ड चालायचे. तुम्ही कधी पाहिलं का?"

"निळी टोपीवाला? व्हय. रोजच जायचा की. दोन दिस दिसला न्हाई. रजेवर हाय का?"

मी सांगितलं. त्यांनी विळा खाली ठेवला.

"आगं, आमी त्याच्यावर भाकरी खायला बसायचो," त्या म्हणाल्या. "आतली जमीन उंच हाय, भिंतीवरनं टोपी सरकत गेली की समजायचं, बारा वाजलं."

मला विचारायचं नव्हतं, पण विचारलं. "कधी हातात काही असायचं? गोणी वगैरे?"

"गोनी? हातात काठीबी न्हवती. एक डाव शेंगा दिल्या झाडावरनं, तर घेईना. म्हनला, मावशी, ड्युटीवर हाय. मी म्हनलं, मेल्या, तुझ्या ड्युटीला काय शेंगा चावत्यात?"

"हे लिहून द्याल?"

"लिवता न्हाई येत मला. पर म्हनशील तितं येऊन सांगीन. माझं निम्मं रान गेलंय त्या भिंतीत. मी त्यास्नी कशाला भिऊ?"

त्यांनी शेवग्याला शिडी लावून दिली. मी चढले आणि भिंतीपलीकडे पाहिलं. कमरेएवढं गवत, मामा, आणि त्याच्या मधून एक वाट. पाऊलभर रुंद. तिच्यावर एक पातं नव्हतं. भिंतीच्या कडेने सरळ येत होती, शेवग्याच्या फांदीखाली त्या उघड्या चेंबरला बगल देऊन पुढे जात होती. रोज तू बगल देऊन जायचास. त्या दिवशी काय झालं ते कुणाला कळणार नाही. पण ती वाट एका दिवसात पडलेली नव्हती आणि ती भंगार उचलणाऱ्याची नव्हती. भंगार उचलणारा असा सरळ चालत नाही. मी वीस-बावीस फोटो काढले. मला रडू यायला हवं होतं. मला आनंद झाला. मनात आलं, सापडला. तू नाही, तो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गवत कापायचं मशीन आलं. इतके महिने न आलेलं. एक दिवस उशिरा आलं.

दहाव्याला नदीवर, इथल्या रिवाजाप्रमाणे, प्रवचन झाल्यावर माइकवर श्रद्धांजली सुरू झाली. सुपरवायझर पांढरे कपडे घालून आला होता. त्याने माइक घेतला. "आमच्या परिवारातला एक सच्चा, कर्तव्यदक्ष शिपाई आज आपल्यात नाही."

मी वर्गात हात वर करत नाही, तुला माहीत आहे. मी उठून त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. रिपोर्टच्या फोटोची प्रिंट त्याच्या हातात दिली. "सर, हे तुम्ही लिहिलेलं आहे. भाषणाऐवजी हेच वाचा."

"बेटा, ही वेळ नाही."

"सगळे आहेत, सर. हीच वेळ आहे."

त्याने कागदाची घडी घातली. मग मी पाठ होती ती ओळ त्याच्या हातातल्या माइककडे झुकून म्हटली. माझा आवाज कर्ण्यातून पलीकडच्या काठाला आपटून परत आला. बायकांमधून मामी म्हणाली, "परत वाच." मी परत म्हटली. शेतातल्या काकू मागून उठल्या. "खोटं हाय ते. मी रोज बघितलाय त्याला चालताना." मग विलासकाका उभे राहिले. खाली बघतच बोलले, "पॉइंट भिंतीवर नाहीत. ड्रॉवरमध्ये आहेत. यांनीच ठेवायला लावले. त्या दिवशी काठी मी टेकवली, म्हणून राउंड हिरवा दिसला. तो खरोखर चालत होता."

सुपरवायझरने माइक खाली ठेवला. ठेवताना तो कुईं करून वाजला आणि एक लहान पोर हसलं. मला ते हसणं फार गोड लागलं, मामा. काकांना मी अजून माफ केलेलं नाही. पण त्यांनी उभं राहायला काय मोजलं असेल ते मला कळतं.

मग अर्ज केले. मी आणि मामीने. गेल्या महिन्यात चौकशीसाठी सरकारी अधिकारी मॅडम आल्या. त्यांनी सुपरवायझरला म्हटलं, "राउंड कसा असतो, चालून दाखवा." या वेळी माझ्याकडे पास होता. तो पुढे, मॅडम, मामी आणि मी मागे.

"किती वेळ लागतो?"

"दहा मिनिटं, मॅडम."

बारा मिनिटं झाली तेव्हा आम्ही अर्ध्यावर आलो नव्हतो. तो तिथे कधी चाललाच नव्हता. त्याचे बूट नवे होते. मागच्या बाजूला कापलेलं गवत वाळून ढीग पडले होते, पोलिसांनी चेंबरभोवती लावलेली पट्टी गवत कापणाऱ्यांनी काढून टाकलेली. तो मागे वळून मॅडमशी बोलत पुढे चालला होता. समोर शेवग्याची फांदी होती. तिच्याखालचा ढीग कशावर पडलाय, ते त्या चौघांत फक्त मला माहीत होतं.

तुला खोटं नाही सांगणार. एक पाऊल मी गप्प राहिले. एक पूर्ण पाऊल.

मग म्हणाले, "थांबा."

तो थांबला. मी एक वाळकी फांदी उचलून गवत बाजूला केलं. खाली काळं तोंड. मॅडम फोटो काढायला लागल्या. त्याने भिंतीला हात टेकला. त्याचा चेहरा मी नीट बघून घेतला.

याला दया म्हणू नकोस. तो पडला असता तर त्याच्या कागदावर 'कर्तव्यावर असताना' असं लिहिलं गेलं असतं. तुला जे दिलं नाही ते त्याला आपोआप मिळालं असतं. ते मला चालणार नव्हतं. आणि माझी ओळ कुणी खोडली असती?

ती त्याने त्याच केबिनमध्ये, त्याच टेबलावर खोडली. मॅडम समोर बसल्या होत्या. त्याने विचारलं, "काय लिहू?" मी आठवडाभर वाक्यं तयार करत होते, मोठी मोठी, जड. ऐन वेळी एवढंच म्हणाले, "राउंडवर असताना." त्याने लिहिलं. मामीने शब्दांखालून बोट फिरवत ते वाचलं आणि मग सही केली.

तू असतास तर आता सोड म्हणाला असतास. मी सोडलं नाही. पॉइंट परत भिंतीवर बसवायचे आणि झाकण बसून रस्ता होईपर्यंत रोजचा दुपारी चारचा राउंड सुपरवायझरने स्वतः मारायचा, ही मागणी माझी होती. अर्जात मीच लिहिली होती. मॅडमनी ती आदेशात घातली. रस्त्याचं काम अजून सुरू झालेलं नाही. गवत परत वाढायला लागलं आहे.

मी अजूनही चार वाजता त्याच स्टॉपवर उतरते. गेटकडे जात नाही. रस्त्याच्या या बाजूला उभी राहते. थोड्या वेळाने तो गेटच्या आत भिंतीच्या कोपऱ्यावरून येताना दिसतो, पँटीला कुसळं चिकटलेली, हातात काठी. परवा त्याने मला पाहिलं. हात वर करावा की करू नये, अशा विचारात तो थांबला. मी घड्याळात बघितलं. तो चालायला लागला.